सातपुड्याची झीज

आमच्या घरात दोन विहिरींचं भांडण कायमचं होतं. वडिलांचं गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. आईचं माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मधे तापी. वडिलांकडची विहीर खोदली तेव्हा वर हातभर काळी, खाली मुरूम आणि पुरुषभर खोलीच्या आतच खडक. पुढचं सगळं काम सुरुंगाचं आणि यारीचं. मामांकडे उलट. तिथं बोअर शेकडो फूट गेलं तरी खडकाचा पत्ता नाही; पिवळी माती, मग वाळू, मग गोटे, पुन्हा पिवळी माती. केसिंग उतरवलं नाही तर भोक आपोआप बुजतं. सुट्टीत दोघं समोरासमोर बसले की वडील चिडवायचे, "तुमनी जमीन उसनी शे." मामा तंबाखू मळत म्हणायचे, "व्हई उसनी पाव्हना, पन केळी ते येस ना!"

वडिलांच्या बोलण्यात जावयाचा तोरा होता, पण मुद्दा खरा होता. चोपडा, यावल, रावेरची ती केळीची जमीन तिथं जन्मलेली नाही. ती वरून आली आहे. कुणाकडून उसनी घेतली, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. ती देणारी मंडळी त्या ओट्यावर कधी बसलेलीच नव्हती.

तळाचा दगड दोन्ही गावांचा एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येत राहिला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. दक्षिणेची सातमाळा-अजिंठ्याची रांग त्याची, उत्तरेचा आमचा सातपुडाही बहुतांशी त्याचाच. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांतल्या कित्येक अजून दिसतात. धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडांची एक सरळसोट टेकडी कुठल्या कुठे धावत गेलेली दिसते. कुणी राजानं कोट बांधायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला असं वाटावं. भेगेतच थिजलेला तो लाव्हा आजूबाजूच्या दगडापेक्षा चिवट निघाला. भोवतालचं सगळं झिजून वाहून गेलं आणि भेग भिंत होऊन उभी राहिली. आज आपण ज्याला माळ म्हणतो तो कधी काळी त्या भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच होता, हे ती भिंत पाहिल्याशिवाय पटत नाही. अशा भिंती जमिनीखालीही असतात आणि पाणी अडवतात. एका शेतकऱ्याच्या विहिरीला चैत्रात पाणी आणि बांधापलीकडच्या भावाची विहीर कोरडी, यामागे पुष्कळदा देवऋषी नसतो, तर पुरलेली भिंत असते.

खडक फुटायला सुरुवात होते ती तो थंड होतानाच. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि त्या तडांतून पाणी आत जातं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं. मातीतली मुळं आणि जिवाणू त्यात आणखी भर घालतात. असं किंचित आंबट झालेलं पाणी दगडातल्या खनिजांमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून नेतं. लोहाला गंज चढतो. मागे जे उरतं ते हळूहळू चिकणमाती होत जातं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तिन्ही बाजूंनी चढाई करतं, म्हणून कोपरे आधी जातात. चौकोनी दगड आतून गोल होत जातो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. महामार्गाच्या रुंदीकरणासाठी टेकड्या कापल्या तिथं हे उघड्यावर दिसतं: पिवळट-तांबूस भुसभुशीत मुरूम, आणि त्यात बसलेले गोल धोंडे. ते धोंडे कुणी आणून टाकलेले नसतात, तर मुरूम व्हायचे राहिलेले असतात.

आम्हाला शाळेत शिकवलं होतं की दिवसा तापून आणि रात्री गार होऊन खडक फुटतात. भुसावळकडच्या पंचेचाळीस अंशांचा आम्हाला एरवीही अभिमान, त्यामुळे ऊन दगड फोडतं हे ऐकायला छान वाटायचं. पण कोरड्या उन्हाचं एकट्याचं फारसं चालत नाही. खरं काम पाण्याचं. म्हणजे ज्याची आमच्याकडे सगळ्यात टंचाई, त्यानंच आमची जमीन घडवली. आणि ती टंचाईसुद्धा त्या घडणीत धरायला हवी. हाच दगड सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणाकडे मुसळधार पावसात सापडला, तेव्हा त्याच्यातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं आणि तांबडा जांभा झाला. आमच्याकडे सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. एवढ्या पाण्यात कॅल्शियम सुटतं खरं, पण पार वाहून जात नाही. थोडं खाली जाऊन थबकतं आणि चुनखडीचे खडे होऊन बसतं. विहीर खोदताना काळीच्या खाली ते पांढरे खडे लागतात ते हेच. पाऊस कमी म्हणून सगळं धुतलं गेलं नाही, आणि धुतलं गेलं नाही म्हणून कपाशीला लागणारी काळी झाली. दुष्काळाच्या वर्षी हे कुणाला सांगायला जाऊ नये, मार बसेल.

सगळाच दगड मात्र असा हार मानत नाही. लाव्ह्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. त्या ठिपक्यांच्या दगडाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लवकर कुजतो. पण त्यातल्या गारा, म्हणजे सिलिकाचे गोळे, तशाच राहतात. भोवतीचा डोंगर माती होऊन गेला तरी गार नांगरटीत वर येते, नदीपात्रात सापडते, पोराटोरांच्या खिशात जाते. आजीच्या काळात त्यांच्यावर पोलाद मारून ठिणगी पाडत. त्याच्याही कित्येक हजार वर्षं आधी माणसांनी याच गारांची पाती केली. खान्देशातल्या अश्मयुगाचा बराचसा पुरावा या न झिजणाऱ्या दगडामुळे उरला आहे.

आता त्या काळीबद्दल थोडं. तिचा रंग पाहून लोकांना वाटतं की तिच्यात भरपूर सेंद्रिय अंश असणार. तसं नाही. आमच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमीच असतो. जो थोडा आहे तो चिकणमातीला इतका घट्ट धरून बसतो की रंग गडद दिसतो, आणि त्यात दगडातल्या काळ्या लोहखनिजांची भर पडते. या जमिनीची खरी करामत तिच्या चिकणमातीत आहे. तिचे कण एकावर एक ठेवलेल्या पापुद्र्यांचे. पाणी मिळालं की पापुद्र्यांमध्ये शिरून ते फुगतात, पाणी गेलं की आकसतात. मे महिन्यात कपाशीच्या रिकाम्या शेतात मांडीएवढ्या खोल भेगा पडतात, बकरीचा पाय अडकतो. वळवाचा पाऊस आला की वरची ढेकळं फुटून भेगांत पडतात. मग जमीन फुगते, आत गेलेल्या मातीला जागा पुरत नाही, ती खालून वर रेटते. वरची खाली, खालची वर, असं वर्षानुवर्षं चालतं. कुणी नांगरो न नांगरो, काळी स्वतःची उलथापालथ स्वतः करते. खोल खणलं तर मातीचे थर एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले दिसतात, तेल लावल्यासारखे चकचकीत. याच फुगण्या-आकसण्यानं घरांच्या भिंती तडकतात आणि डांबरी रस्त्यांना लाटा येतात. खान्देशातल्या रस्त्यांच्या अवस्थेला सगळा दोष मातीचाच नाही, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

पण वडिलांच्या शेतात ही काळी हातभरच का, आणि तीन-चार शेतं सोडून नाल्याकाठी गळ्याएवढी का? शेताचा मालक कितीही कष्टाळू असो, उतारावरची माती त्याच्याकडे राहायला बांधील नसते. मृगाचा पहिला पाऊस उघड्या रानावर पडतो तेव्हा प्रत्येक थेंब ढेकळाला फोडतो. सुटलेले बारीक कण भेगा-छिद्रं बुजवतात, पाणी मुरायचं थांबतं आणि पातळ चादर होऊन वाहायला लागतं. या चादरीसोबत सगळ्यात बारीक, सगळ्यात सुपीक कण आधी जातात. डोळ्याला काही दिसत नाही. शेत तिथंच, बांध तिथंच, सातबारा तोच. पुढे चादरीच्या धारा होतात, धारांचे ओघळ, ओघळांची घळ. घळ पडली की लोक हळहळतात, पण तोवर मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. वडिलांच्या बरडाची माती नाल्याकाठच्या शेतात जाऊन बसली आहे. तिथल्या काळीचं कौतुक करताना ती त्याच जागी तयार झाली असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रातल्या पुष्कळशा खोल काळ्या जमिनी प्रत्यक्षात वरून वाहून आलेल्या गाळावर तयार झाल्या आहेत.

मामांच्या शिवारात हाच हिशेब प्रचंड मापानं झाला. तापीचं खोरं म्हणजे नुसती नदीनं कोरलेली दरी नाही, ती खचदरी आहे. दोन्ही बाजूंना भूकवचाला तडे, मधला पट्टा खचलेला, उत्तरेचा सातपुडा उचललेला. म्हणून नर्मदा आणि तापी दख्खनच्या बाकी मोठ्या नद्यांसारख्या पूर्वेला न जाता पश्चिमेला निघाल्या. जमिनीची ही हालचाल पूर्ण थांबलेलीही नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, आणि चोपड्याजवळ उनपदेवला आजही जमिनीतून गरम पाणी येतं. डोंगर वर जात राहिला, खोरं खाली बसत राहिलं, आणि मधल्या खड्ड्यात सातपुड्याचा चुरा पडत राहिला. काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरहून जाड आहे. मामांच्या बोअरला खडक लागणार कसा? खडक आहे, पण त्याच्यावर अख्खा डोंगर बारीक होऊन पडला आहे.

तो पडतानाही एका रीतीनं पडला. अनेर, सुकी, मोर अशा नद्या सातपुड्यातून धावत येतात. डोंगर संपतो, उतार एकदम कमी होतो, पाण्याचा जोर सुटतो. जड ते आधी टाकायचं: मोठे धोंडे डोंगराच्या तोंडाशीच, मग गोटे, मग रेती, पुढे पोयटा, आणि तापीजवळ बारीक माती. पायथ्याच्या या धोंड्या-गोट्यांच्या पट्ट्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. तिथं नदी चालता चालता गुप्त होते. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आणि दोन मैलांवर कोरडं पात्र. ते पाणी गोट्यांमधून खाली उतरून गाळाच्या थरांत जातं आणि वीस-पंचवीस किलोमीटर पलीकडच्या केळीला बोअरमधून मिळतं. म्हणजे सातपुड्यानं माती दिली आणि पाणी साठवायचं भांडंही दिलं. रावेर-यावलमध्ये आता ते भांडं भरतं त्यापेक्षा जोरात उपसलं जातं. दर पिढीला मोटर आणखी खाली उतरते.

गाळ म्हणजे कायमची ठेव असं समजणाऱ्यानं एकदा तापीच्या काठावर जावं. प्रकाशा, सारंगखेडा, मुडावद, कुठंही. सपाट शेतातून चालता चालता जमीन अचानक संपते आणि खाली उभ्या कडांच्या घळी सुरू होतात, मैलोन् मैल. नदीनं स्वतःच भरलेलं खोरं स्वतःच कापायला काढलं आहे. पोयट्याची जमीन भुसभुशीत, मुळं खोल जातात, म्हणून केळीला उत्तम. आणि त्याच भुसभुशीतपणामुळे पाण्याची एक धार लागली की ती लोण्यासारखी कापली जाते. कडा उभी राहते, पायथा पोखरला जातो, वरचा तुकडा धाडकन खाली येतो. काठच्या शेतकऱ्यांच्या उताऱ्यावर असलेलं क्षेत्र आणि पायाखाली असलेलं क्षेत्र यांचा मेळ बसत नाही. मोजणी कार्यालयात याला उत्तर नाही.

काठाच्या कापलेल्या कडेला मात्र इतिहास वाचता येतो. प्रकाशाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून वस्तीचे थरावर थर निघाले. माणूसही गाळ साचवतो: पडक्या भिंती, चुलीची राख, शेणमाती, खापऱ्या. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला तर निक्षेपांच्या थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, त्यांतल्या एका तुकड्यावर रेघांची नक्षी कोरलेली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. शहामृग! आमच्या चाळीसगावला! डोंगराची माती त्या कवचांवर वेळेवर येऊन पडली नसती तर आपल्याला हे कळलंच नसतं. माती पडण्याला आपण नेहमी शेतीच्याच नजरेनं बघतो, हा एक दोष आहेच.

त्याच चाळीसगावनं २०२१ च्या ऑगस्टअखेरीस दुसरी बाजू पाहिली. एका रात्रीच्या पावसानं तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, खालच्या गावांतून जनावरं वाहून गेली आणि शेतं मुरमापर्यंत खरडली गेली. पंचनाम्यात अशा जमिनीला खरडून गेलेली म्हणतात, आणि जिच्यावर वाळू-गोटे येऊन बसले तिला गाळ साचलेली. मदतीचे रकाने दोन, पाऊस एकच.

देशभराचा एक जुना, पुन्हा पुन्हा वापरला जाणारा अंदाज आहे, १९८० च्या दशकातला. भारतात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते. त्यातली साधारण २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते. उरलेली ६१ टक्के नुसती इथून तिथं होते. मला या आकड्यांतला शेवटचा सगळ्यात बोलका वाटतो. बहुतेक माती देश सोडून जात नाही, तालुकाही सोडत नसेल. ती फक्त वरच्याची खालच्याला मिळते. तापीच्या बाबतीत समुद्राचा वाटाही घटला आहे, कारण १९७२ पासून उकाईचं धरण वाटेत आहे. त्याच्याही वरच्या अंगाला हतनूरच्या जलाशयात पूर्णा आणि तापीनं आणलेला गाळ बसतो. वऱ्हाडची माती आमच्याकडे मुक्कामाला आणि धरणात पाण्याची जागा कमी.

धरण-तलावांतला हा गाळ काढून शेतात टाकायची शासनाची योजना २०१७ पासून आहे आणि चांगली आहे. बरडावर गाळाचा थर पडला की ओल टिकते, कपाशीत फरक दिसतो; वडिलांच्या गावच्या काही शेतांत मी तो पाहिला आहे. पण ट्रॅक्टर कुठंवर जातो? तलावाच्या आसपासच्या शिवारात. भाडं ज्याला परवडतं त्याच्या बांधावर. जिथून ती माती निघाली त्या उतारावर कुणी ती परत नेत नाही. नेणं शक्यही नाही. सातपुड्यातल्या पाड्यावर पावरा किंवा भिल्ल कुटुंब उतारावर ज्वारी-मका करतं, तिथं पायाला खडकच लागतो. वरचं जंगल ब्रिटिश अमलापासून सागासाठी तुटत आलं आणि नंतरही थांबलं नाही; झाडं गेली तशी माती खाली आली. खालच्या गावांत सहज बोललं जातं की डोंगरातल्या लोकांना शेती जमत नाही. ज्यांच्या पायाखालची माती आपल्या केळीत आली आहे, त्यांच्याबद्दल असं बोलायला जरा धाडसच लागतं.

उताराची माती उतारावर ठेवता येते, हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं दाखवलं आहे. तिथल्या लोकांनी जंगल राखलं, ओहोळांवर दगडी बांध घातले, पाणी मुरवलं. त्यांचे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. नवीन यंत्र नाही, मोठा खर्च नाही. थेंबाला जमिनीवर थेट पडू द्यायचं नाही, आणि पडलाच तर त्याला पळू द्यायचं नाही.

सध्या आमच्याकडे पायथ्याच्या बझाड्यात तापीचं पुराचं पाणी सोडून भूजल भरायच्या मोठ्या योजनेची चर्चा आहे. मामेभाऊ तिच्यावर फार आशा लावून आहे. त्याचं बोअर आता मामांच्या काळाच्या कितीतरी खाली गेलं आहे. योजनेची कल्पना पटण्यासारखी आहे, कारण ती डोंगराच्या स्वभावावर बेतलेली आहे. फक्त त्या गोट्यांमधल्या पोकळ्यांना एक गोष्ट चालत नाही, ती म्हणजे गढूळ पाणी. बारीक गाळ आत गेला की पोकळी बुजते, आणि बुजलेली पोकळी पुन्हा उघडत नाही. वरून येणाऱ्या सुकी-अनेरचं पाणी जोवर चहाच्या रंगाचं आहे, तोवर ते पात्रातली मुरण्याची वाट दर पावसाळ्यात थोडी थोडी बंद करत राहणार. ते नितळ व्हायचं तर वरच्या उतारावर झाडोरा हवा, चर हवेत, पाड्यावरच्या माणसाला त्याची मजुरी आणि जंगलावरचा हक्क हवा. मामेभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग आमी केळीवाला त्यासले पैसा देवाना का?" मी म्हटलं, हो. तो बराच वेळ हिशेब करत बसला, एकरी किती पडतील याचा.